तंबूतली मावशी

"ती ना? ती माझी मावशी," असं माझी लेक म्हणाली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून तंबूची खुंटी जमिनीत ठोकत होते. जमीन उन्हानं भाजून विटेसारखी झालेली. खुंटी आत जायच्याऐवजी वाकत होती. वाकली की दगडावर ठेवून सरळ करायची आणि पुन्हा ठोकायची, असा माझा उद्योग भर दुपारी चालला होता. लेक शेजारच्या तंबूपाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि तिथल्या दोन मुलींशी बोलत होती. आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. आम्ही आल्यापासून लांब स्टेजवर कोणीतरी एकच ड्रम धप्प, धप्प असा बडवत होतं, मध्येच "चेक, चेक" म्हणत होतं, त्या गोंधळात कानांचा काय भरवसा. पण मग त्या दोघींतली झिपऱ्या केसांची वळली आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "मावशी, सरळ नाही जायची ती. तिरकी मारा, तिरकी!" मी खुंटी तिरकी मारली. गेली की आत. "थँक्यू गं," मी म्हटलं. हे "थँक्यू गं" तोंडातून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण त्या हाकेला ओ दिली. आता उठून "अगं मी हिची आई" असं सांगायचं म्हणजे पोरीला चारचौघांत खोटं पाडायचं. आणि नाही सांगायचं म्हणजे तीन दिवस मावशी होऊन राहायचं.

मला बहीण नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीही नाही. दोन भावांच्या पाठीवर मी एकटी. म्हणजे माझ्या लेकीला जन्मात कधी मावशी नव्हती. ही मावशी तिनं त्या उन्हात, उभ्या उभ्या, माझ्यातून काढली होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. सतरा वर्षांची पाठ. काळा बनियन, खांद्याच्या हाडांवर उन्हाचा लाल चट्टा उठायला लागलेला. मलम लावायला हवं होतं. मलम माझ्या पिशवीत होतं. पण मावशीनं उठून मलम लावलं तर चालतं का, आणि चालत असेल तर ते आईनं लावल्यासारखं लावायचं की थोडं हातचं राखून, असले विचार माझ्या डोक्यात यायला लागले आणि मला स्वतःचाच राग आला. लेक परत आली. "झाला तंबू?" "झाला." "ही बाजू लोंबतेय." "लोंबू दे." तेव्हाच विचारायचं होतं, काय गं, मी तुझी मावशी कधीपासून? विचारलं नाही. मी गाडी शिकवते. रोज सकाळपासून शेजारच्या सीटवर बसून धडधाकट बाप्यांवर ओरडते, आरसा बघा आधी, आरसा! वकील, दुकानदार, एक निवृत्त हेडमास्तर, सगळे माझ्यासमोर गोगलगाय होतात. आणि इथे लेकीला एक प्रश्न विचारायचा तर मी पिशवी आवरत बसले.

खरं तर मी इथे येणारच नव्हते. इथली ही सगळी गाणी तिच्या बाबाच्या आवडीची. ती लहान होती तेव्हा तो गाडीत हीच लावायचा, काचा थरथरतील एवढ्या आवाजात, आणि मागच्या सीटवर ही चिमुरडी शब्द कळत नसताना मान हलवायची. मी पुढे बसून आवाज कमी करायची, तो वाढवायचा. पुढे तो दुसऱ्या शहरात राहायला गेला. आधी कामासाठी, मग कामाचं नाव घेणंही बंद झालं. गाणी मात्र आमच्या दोन खोल्यांत राहिली. तिच्या दाराच्या फटीतून ती धुरासारखी बाहेर यायची, आणि मी स्वयंपाकघरात भांडी जास्त जोरात घासायची. या तीन दिवसांच्या गाण्यांच्या जत्रेची तिकिटं त्यानंच काढली, बापलेकीची दोन. थंडी होती तेव्हापासून तिचं पालुपद चाललं होतं: बाबा आणि मी, तंबूत राहणार, बाबा आणि मी. निघायच्या आठवड्यात त्याचा फोन आला. काम निघालंय म्हणे. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरातलं मोठं माणूस असल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. "तू जा ना तिच्याबरोबर, तिकीट वाया जाईल," असं तो मला इतक्या सहज म्हणाला, जसं काही मी त्याच्या तिकिटाची राखणदार. मी हो म्हटलं. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे गाडी शिकणाऱ्यांची नुसती झुंबड, त्यात रजा मागताना मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लेकीनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. तिच्या त्या "बरं"मध्ये मला बरं काही ऐकू आलं नाही.

फाटकावर आमच्या मनगटांवर कागदी पट्टे बांधले, तिला पिवळा, मला निळा, आणि मग सुरू झाली रांग. पाण्याला रांग, संडासाला रांग, मोबाईल चार्ज करायला रांग, सावलीत बसायलासुद्धा रांग. जिकडे बघावं तिकडे तंबू, एकाची दोरी दुसऱ्याच्या दारात, आणि मी प्रत्येक दोरीत पाय अडकवत चाललेली. आमच्या तंबूची चेन अर्ध्यावर येऊन कापडात दात रोवायची. बाहेर पडताना मला आडवं होऊन सरपटावं लागायचं, आणि नेमकी त्याच वेळी समोरून दोन-चार तरुण मंडळी जात असायची. संडासाच्या रांगेत माझ्या पुढेमागे उघडे खांदे, रंगवलेले केस, घामाचा आणि बिअरचा वास. मी डोक्यावर उन्हाची टोपी घातली होती, हनुवटीखाली नाडी बांधलेली. हेच का ते कारण? या नाडीची लाज वाटली का तिला? मी नाडी सोडली. वाऱ्यानं टोपी उडाली, ती पकडायला रांगेतून बाहेर पडले, परत आले तर माझी जागा गेलेली. "काकू, मागे," कोणीतरी म्हणालं. काकू. मावशी. एका दिवसात मी सगळी नाती फिरून आले होते, एक सोडून.

गंमत अशी, की मावशी म्हणून माझे लाड सुरू झाले. संध्याकाळी लेक तंबूत डोकावली आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, तुझ्यासाठी चहा आणू का गं?" घरी मी थंडीतापानं पडले तरी हिच्याकडून चहा म्हणजे दोन हाका आणि एक भांडण. आता कागदी पेल्यात वाफाळता चहा घेऊन आली, वर "साखर बघ हं" असंही म्हणाली. मी त्या चहाकडे बघत बसले. प्यावा की भिरकावून द्यावा? प्यायले. चांगला होता. झिपरी आणि तिची चष्मेवाली मैत्रीणही आल्या, आमच्या सतरंजीवर पाय पसरून बसल्या. दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, माझ्या लेकीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती जसं काही त्यांनीच ही गाणी लिहिली आहेत. मावशी, तुम्हाला कुठला बँड आवडतो? मावशी, तुम्ही भारी आहात हं, आमच्याकडे असं कोणी आलंच नसतं. मी हसले. लेकही हसली, माझ्याकडे बघून, आणि क्षणभर मला तो खेळ आवडला. मग पाठोपाठ वाटलं, हे हसू माझं नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आलंय आणि मी मधल्या मध्ये सही करून घेतेय.

दुसऱ्या दिवशी ऊन असं चढलं की तंबूत भट्टी पेटल्यासारखं झालं. मोठे बँड दुपार कलल्यावर. तोवर काय करायचं? झिपरीनं दोन तंबूंच्या मध्ये चादर बांधली आणि तिच्या पट्टीभर सावलीत आम्ही चौघी दाटीवाटीनं बसलो. मी घरून आणलेली उकडलेली अंडी सोलून एकेकीला देत होते. बोलता बोलता विषय आयांवर गेला. चष्मेवालीची आई म्हणे ही झोपल्यावर हिचा मोबाईल चाळते, आणि सकाळी काहीच माहीत नसल्यासारखं नेमकं त्याच मुलाबद्दल विचारते. झिपरीची आई नुसता उसासा टाकते. "पण काय उसासा टाकते, मावशी! तीन मजले ऐकू जातो." आम्ही सगळ्या हसलो. मी तर जरा जास्तच हसले. मग झिपरीनं माझ्या लेकीला कोपरानं ढोसलं. "आणि तुझी आई गं? तू काही बोलतच नाहीस."

मी अंड्याचं टरफल काढत होते. खाली मान घालून काढत राहिले. लेक गवताची एक काडी उपटून तिचे तुकडे करायला लागली. "माझी आई..." ती म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, चांगली आहे म्हणेल आणि विषय संपेल. "माझी आई सारखी शेजारी बसलेली असते," ती म्हणाली. "म्हणजे खरीखुरी नाही. पण मी काही करायला गेले की आधी तिचा पाय ब्रेकवर. मी आपटणार हे तिनं धरूनच ठेवलेलं असतं. घरात मी गाणं लावलं की ती काही बोलत नाही, भांडी आपटते. बाबाचं नाव निघालं की भांडी आपटते. मला ना तिथे श्वासच घेता येत नाही." हे सगळं ती माझ्याकडे न बघता, अगदी शांतपणे, बऱ्याच दिवसांचं पाठ करून ठेवल्यासारखं बोलत होती. चष्मेवाली हळूच म्हणाली, "मावशी, खरंच अशी आहे तुमची बहीण?"

तिघी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातातल्या अंड्याच्या टरफलाबरोबर पांढऱ्याचाही लचका निघून आला होता. काय सांगायचं होतं मला? की भांडी आपटल्याशिवाय निघत नाहीत असे चिकट डाग असतात? की रोज दिवसभर अनोळखी माणसं मला घेऊन बसवर, खांबांवर, सायकलवाल्यांवर चालून जातात, आणि माझ्या बाजूला तो जादा ब्रेक आहे म्हणून मी संध्याकाळी घरी येते? की मीही कधी गाडीत पुढच्या सीटवर बसून आवाज कमी केला तो गाण्यांचा राग म्हणून नाही, मागे झोपलेली पोर दचकेल म्हणून? "थोडी आहे तशी," मी म्हटलं. "पण वाईट नाही गं ती. दमते." माझा आवाज मलाच परका वाटला, खरोखरच कुठल्या तरी बहिणीची बाजू घेतल्यासारखा. लेकीनं गवताचे तुकडे फुंकून टाकले. "मी निकाल लागला की बाबाकडे राहायला जाणारे," ती म्हणाली. "कॉलेज तिकडेच. आईला अजून सांगितलं नाहीये." झिपरीनं लगेच माझा हात धरला. "मावशी, प्लीज, तुम्ही सांगू नका हं तुमच्या बहिणीला. ती सांगेल तिचं तिचं." "नाही सांगत," मी म्हटलं.

मग मी रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले. कोणाला तरी फाडून खावं असं वाटत होतं. पुढच्या मुलाची पिशवी सारखी माझ्या पोटाला लागत होती, एवढ्या कारणावरून मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा रांग सोडून गेला. लहान असताना हिला उन्हाळ्यात घामोळं यायचं. रात्र रात्र ओल्या फडक्यानं पाठ पुसत बसले होते मी, आणि तिला त्या घरात श्वास घेता येत नाही! हा माणूस वर्षातून दोनदा येणार, आइस्क्रीम खायला घालणार, गाणी वाजवणार, आणि श्वास त्याच्याकडे! नळाचं पाणी कोमट होतं. मी ते तोंडावर मारलं, टोपीत भरून डोक्यावर ओतलं, आणि लोक बघत असताना तशीच निथळत परत आले.

तंबूत जाऊन आडवी झाले. कापडातून पिवळट उजेड येत होता, सगळीकडे तापलेल्या प्लास्टिकचा वास. थोड्या वेळानं चेन करकरली, अडकली, आणि लेक सरपटत आत आली. माझ्या शेजारी पडली. जागाच एवढीशी, की तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं आणि दोघींपैकी कोणी ते हलवत नव्हतं. "हे असं सांगायचं असतं?" मी म्हटलं. "लोकांसमोर?"

"घरी सांगितलं असतं तर तू मला वाक्य पुरं करू दिलं असतंस?"

नसतं करू दिलं.

"आणि मावशी कशाला?"

"अगं, आईबरोबर आले म्हटलं की हसतात. मावशीबरोबर आलेलं चालतं." ती कूस बदलून छताकडे बघत म्हणाली. "एवढंच. तू उगाच काहीतरी मोठं करून ठेवू नकोस."

एवढंच. काल दुपारपासून मी जे उगाळत होते ते एवढंच होतं. मला हसू यायला हवं होतं. "बाबा काय म्हणाला?" मी विचारलं. तिचं कोपर बाजूला झालं. "बघू म्हणाला," ती म्हणाली. "कितीदा विचारलं. दर वेळी बघू म्हणतो. मागच्या आठवड्यात मेसेज केलाय मोठा, त्याचं उत्तर नाही अजून. बिझी असेल."

बघू. हा शब्द मी ओळखते. त्याच्याबरोबर काढलेल्या सगळ्या वर्षांत हा शब्द माझ्या घरात होता. घर बदलायचं? बघू. डॉक्टरकडे येतोस बरोबर? बघू. त्याचं "नाही" मी एकदाही ऐकलं नाही. तो फक्त बघू म्हणायचा, आणि दुसरा माणूस वाट बघून बघून स्वतःच विचारायचं सोडायचा. म्हणजे ही कुठे जात नाही. मला ओरडायला नको, रडायला नको, तिला समजवायला नको. मी नुसतं गप्प बसायचं. काही महिन्यांनी ही आपसूक तिच्या खोलीत असेल, दार लोटून. त्या भट्टीत माझ्या अंगावरून अशी गार झुळूक गेली, की मी डोळे मिटून घेतले. "मग बघेल की," मी म्हटलं. "हो ना," लेक म्हणाली. ते इतक्या भाबडेपणानं म्हणाली, की मिटलेल्या डोळ्यांआड माझी ती झुळूक तिथेच विरली.

ऊन कलल्यावर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो बँड स्टेजवर आला. बापाचा आणि लेकीचा लाडका. त्या तिघी घोळक्यात घुसल्या, मी बाजूच्या कठड्याला टेकून उभी राहिले. स्पीकरचा दणका कानांतून जात नव्हता, छातीच्या पिंजऱ्यातून जात होता. हजारो हात एकदम वर जायचे, धूळ उडायची. मला ती तिथून दिसत होती. झिपरी उड्या मारत होती, चष्मेवाली चष्मा हातात धरून किंचाळत होती, आणि माझी लेक मधोमध उभी राहून मोबाईल बघत होती. खिशात ठेवला. हात अर्धा वर केला. पुन्हा काढला. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून तळहाताचा आडोसा केला, वाकून बघितलं, ठेवला. गाणं बदललं, गर्दी खुळ्यासारखी नाचायला लागली, आणि तिनं पुन्हा काढला. ती मान मी ओळखत होते. ताटावर ताट झाकून खिडकीशी त्याची वाट बघत बसायची तेव्हा माझी मान अशीच असायची. मला ही शिकवण तिला द्यायची नव्हती. बाकी काहीही शिकली असती तरी चाललं असतं.

चार्जिंगच्या मांडवामागे एक चढ होता. तिथे रेंज जरा बरी यायची. मी तिथे गेले. जाताना स्वतःला शिव्या घालत होते, कारण पाय जात होते आणि मला जायचं नव्हतं. त्यानं फोन उचलला. "काय गं, कसं चाललंय तिथे? आवाज भारी येतोय!" त्याच्या बोलण्यात हेवा होता. "तिला तुझ्याकडे यायचंय," मी म्हटलं. "काय? ऐकू येत नाही." "तिला तुझ्याकडे राहायचंय! तिला उत्तर दे!" "अगं ड्रम वाजतायत, जरा मोठ्यानं." मी दुसरा कान बोटानं दाबला, पोटातून हवा घेतली आणि ओरडले, "घेऊन जा तिला! बघू म्हणू नकोस! घेऊन जा!" आणि नेमकं त्याच क्षणी खाली गाणं तुटलं. माझं शेवटचं "घेऊन जा" त्या शांततेत एकटंच गेलं. चार्जिंगच्या रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाठ फिरवली. "ओरडतेस काय," तो म्हणाला. "तुला चालणारे?" "मला नाही चालणार," मी म्हटलं. "तुला चालवून घ्यायचंय. तिला फोन कर. आत्ता. आणि माझं नाव काढलंस तर बघ." तो "बघ..." असं म्हणायला गेला आणि त्यानं ते गिळलं. "बरं. करतो. येऊ दे तिला."

मी उतरून कठड्याशी पोचले तोवर दुसरं गाणं सुरू झालं होतं. ती कानाला मोबाईल लावून, दुसऱ्या हातानं तोंड झाकून उभी होती. मग तिनं हात काढला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो शेवटचा कधी बघितला ते मला आठवेना. झिपरीच्या गळ्यात पडली. चष्मेवालीच्या गळ्यात पडली. मग टाचा उंचावून गर्दीत इकडेतिकडे शोधायला लागली, मी दिसले तशी माणसांना ढकलत, लोकांच्या पायांवर पाय देत, घामानं आणि धुळीनं बरबटलेली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई! बाबाचा फोन आला!"

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. ड्रमच्या आवाजातही मला शब्द अन् शब्द कळला.

"काय? ऐकू येत नाही गं," मी म्हटलं. तेव्हा तिनं कठड्यावरून वाकून दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, गाल माझ्या गालाला लावला आणि माझ्या कानात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.